मॅगझिनविषयी, मॅगझिनमध्ये

(एस. वाय. बी. ए.)

कॉलेजच्या वार्षिक अंकाला बोलताना आपण सारेच 'मॅगझिन' म्हणतो. "मॅगझिनला काही दिलेस का?" हा प्रश्न दिवाळीच्या सुट्टीनंतर ज्याला कोणीच विचारला नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात विरळाच. यंदा मीही दिले. पण ज्याविषयी दिले तेही मॅगझिनच निघाले. पिस्तुलाच्या मुठीत बसणारा, काडतुसे भरून ठेवण्याचा तो पत्र्याचा चपटा डबा! विषय ऐकून संपादक मंडळातील एका प्राध्यापकांच्या कपाळाला आठी पडली. "कला शाखेच्या अंकात हे कुठे बसायचे?" असे त्यांनी विचारले.

मी त्यांच्यापुढे शब्दाची कुळकथा ठेवली. मूळ अरबी शब्द 'मखजन', म्हणजे साठवणीची जागा. त्याचे अनेकवचन 'मखाजिन'. इटालियन आणि फ्रेंच या मार्गांनी तो इंग्रजीत आला आणि 'मॅगझिन' झाला. त्याच धातूपासून निघालेला दुसरा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, तो 'खजिना'. इंग्रजीत मॅगझिन म्हणजे आधी कोठार, पुढे दारूगोळ्याचे कोठार. १७३१ साली लंडनमध्ये एडवर्ड केव्ह याने 'निरनिराळ्या लेखनाचे कोठार' या अर्थाने आपल्या नियतकालिकाला 'जंटलमन्स मॅगझिन' असे नाव दिले, आणि तेव्हापासून नियतकालिकांनाही मॅगझिन म्हणण्याचा प्रघात पडला. तेव्हा शब्दांचे आणि काडतुसांचे अशी दोन्ही कोठारे एकाच गोत्रातली आहेत. सर हसले आणि म्हणाले, "लिहा. पण आम्हाला समजेल असे लिहा." तसा प्रयत्न करतो.

प्रथमच सांगतो की मी या विषयातला तज्ज्ञ नव्हे. जे थोडे कळले ते तीन ठिकाणी कळले : फौजेतून निवृत्त झालेल्या एका आर्मोररकडून, आपल्या तर्कशास्त्राच्या तासाला, आणि एका चुकीतून. चूक माझी स्वतःची होती. तिच्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

तीन सेकंदांचा खेळ

गेल्या वर्षी मी कॉलेजच्या नेमबाजी संघात दाखल झालो. नेमबाज म्हणवून घ्यावे असा माझा नेम नाही. सामानाची पेटी वाहणे, टार्गेटचे कागद लावणे आणि जमल्यास दोन-चार गोळ्या झाडणे एवढेच माझे काम. संघातला सर्वांत चांगला नेम आमच्याहून वरच्या वर्गात शिकणाऱ्या एका मुलीचा. तिला आम्ही सारे अक्का म्हणतो.

अक्काचा प्रकार २५ मीटर पिस्तूल. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८ च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळवले तो हाच. यात .२२ बोअरचे पिस्तूल वापरतात आणि एकूण ६० गोळ्या झाडायच्या असतात. पहिल्या ३० सावकाश, नेम धरून. उरलेल्या ३० जलद : लक्ष्य ३ सेकंद दिसते, मग ७ सेकंद दिसेनासे होते, असे पाच वेळा. दर वेळी हात खालून वर उचलायचा आणि एकच गोळी झाडायची. पाच गोळ्यांची एक मालिका. म्हणजे मॅगझिनमध्ये पाच काडतुसे भरलेली असतात, आणि एक झाडली की पुढचे आपण होऊन चेंबरमध्ये येऊन बसावे लागते. ते आले नाही तर ३ सेकंदांत करण्यासारखे काही उरत नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नेमके हेच झाले. जलद फेरीच्या दुसऱ्या मालिकेत तिसरे काडतूस तिरके होऊन अडकले. अक्काने हात वर केला, पंचांनी पिस्तूल पाहिले आणि नियमाप्रमाणे तिला सवलत दिली. चौथ्या मालिकेत पुन्हा तेच. ही सवलत त्या फेरीत एकदाच मिळत होती, ती संपली होती. उरलेल्या गोळ्यांच्या जागी शून्ये पडली आणि विद्यापीठाच्या संघातले तिचे नाव थोडक्यात हुकले.

परतीच्या एस.टी.त निदाने सुरू झाली. एक म्हणाला, "पिस्तूल म्हातारे झाले." दुसरा म्हणाला, "पिस्तुलाला काही झालेले नाही. मुलींच्या मनगटात जोर कुठे असतो? हात ढिला पडला की पिस्तूल अडकणारच." या दुसऱ्या निदानाला बऱ्याच माना डोलल्या. अक्का खिडकीबाहेर पाहत होती. मीही गप्प होतो. माझ्या गप्प राहण्याला कारण होते. ते पुढे येईलच.

डब्यात असते काय?

आमच्या रेंजवर शिकवायला येणारे गृहस्थ फौजेत आर्मोरर होते, म्हणजे हत्यारांची दुरुस्ती करणारे. ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक जण 'मेजर' असतो, तसे तेही मेजर. पुढच्या रविवारी त्यांनी वर्तमानपत्र पसरून त्यावर एक मॅगझिन उलगडून ठेवले. चार वस्तू निघाल्या. एक पत्र्याची नळी, म्हणजे केस. एक लांब, नागमोडी स्प्रिंग. स्प्रिंगच्या डोक्यावर बसणारा आणि काडतुसांना खालून उचलणारा छोटा तुकडा. त्याला फौजेत 'प्लॅटफॉर्म' म्हणतात. आणि तळाचे झाकण, म्हणजे बॉटम प्लेट.

"एवढंच," मेजर म्हणाले. "पिस्तूल म्हंजे तोंड, आन् ह्यो डबा म्हंजे वाढणारा हात. हात थरथरला की घास नाकात."

यापेक्षा चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही. आता या घासाचा प्रवास पाहू. काडतूस म्हणजे पितळी नळी, तिच्यात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो आणि जाताना रिकामी नळी बाहेर फेकतो. स्लाइड मागे असते तेवढ्याच वेळात मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर ढकलायचे असते. मग स्लाइड स्वतःच्या स्प्रिंगने पुढे येते, वर आलेल्या काडतुसाच्या बुडाला वरच्या बाजूस ढकलते, आणि ते काडतूस मॅगझिनमधून सुटून चढण चढत चेंबरमध्ये शिरते. हे सारे आपली पापणी लवण्याच्या आत उरकते.

या प्रवासात मॅगझिनवर तीन जबाबदाऱ्या आहेत. पहिली उंचीची : काडतूस इतके वर असले पाहिजे की स्लाइडला त्याचे बूड सापडावे. दुसरी कोनाची : गोळीचे नाक चेंबरच्या तोंडाकडे किंचित वर रोखलेले असले पाहिजे. तिसरी वेळेची : काडतूस स्लाइडच्या आधी जागेवर पोहोचले पाहिजे आणि योग्य क्षणी सुटले पाहिजे. लवकर सुटले तर ते सैरभैर होते. उशिरा सुटले तर नाक खाली घालून चढणीवर आदळते. पिस्तूल कितीही किमती असो, या तिन्ही गोष्टी त्याच्या हाती नाहीत. त्या पत्र्याच्या डब्याच्या हाती आहेत.

ओठांचे महत्त्व

नळीचा वरचा काठ दोन्ही बाजूंनी आत वळवलेला असतो. या वळलेल्या कडांना आर्मोरर लोक 'लिप्स' म्हणतात. आपण ओठ म्हणू. काडतूस वर उसळू नये म्हणून ते धरून ठेवायचे, आणि स्लाइडने ढकलले की सोडायचे, ही दोन्ही कामे ओठांची. ते किती रुंद, किती लांब आणि मागून पुढे कसे पसरत जातात, यावर काडतूस केव्हा आणि कोणत्या कोनात सुटणार हे ठरते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे जॉन ब्राउनिंग याने रचलेले आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेले .४५ बोअरचे पिस्तूल. त्याच्या मॅगझिनमध्ये ७ काडतुसे बसतात. त्याच्या मूळ ओठांची फाक मागून पुढे हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळे काडतूस एकदम न सुटता सावकाश सुटते आणि सुटेपर्यंत त्याचा मागचा भाग धरलेला राहतो. सैन्याची गोळी गोल नाकाची होती. तिला ही रचना मानवली. पुढे कागदी लक्ष्यावर स्पर्धा खेळणारे लोक चपट्या नाकाची, आखूड गोळी वापरू लागले, कारण तिने कागदाला स्वच्छ गोल भोक पडते. जुन्या ओठांतून ती उशिरा सुटे आणि चढणीला थडकून अडके. तेव्हा स्पर्धेसाठी लवकर आणि एकदम सोडणारे वेगळे ओठ निघाले. पिस्तूल तेच, गोळीचे नाक बदलले, तर डब्याचे ओठ बदलावे लागले!

त्याच मॅगझिनच्या प्लॅटफॉर्मवर एक छोटा उंचवटा असतो. वरवर पाहता तो पत्र्याला आलेला पोचा वाटतो. पण शेवटच्या काडतुसाच्या डोक्यावर दुसरे काडतूस नसते, आणि त्या वेळी स्प्रिंगचा जोरही सर्वांत कमी असतो. पिस्तुलाच्या धक्क्याने ते शेवटचे काडतूस आपोआप पुढे घसरू नये म्हणून त्याला अडवणारा तो उंचवटा आहे. खर्च वाचवण्यासाठी प्लॅटफॉर्म गुळगुळीत केला, तर हा पहारेकरीच जातो.

ओठ पातळ पत्र्याचे असतात, आणि मॅगझिन हातातून पडले तर बहुधा तोंडावर पडते. जुन्या १९११ च्या मॅगझिनांचा वरचा भाग मुद्दाम कठीण केलेला असे तो यासाठीच. ओठ अगदी थोडे फाकले तरी काडतूस उंच बसते, लवकर सुटते आणि नाक वर करून उभे राहते. थोडे आत दबले तर ते उशिरा सुटते आणि नाक खाली घालते. दोन्ही वेळा पाहणारा म्हणतो, "पिस्तूल अडकले."

स्प्रिंग आणि तिच्याविषयीचा एक गैरसमज

वेळेची जबाबदारी स्प्रिंगची. जर्मन सैन्याने १९०८ साली घेतलेले लुगर पिस्तूल इथे आठवते. त्याची यंत्रणा गुडघ्यासारखी दुमडून उघडते आणि फार झपाट्याने मिटते. त्या झपाट्याशी बरोबरी करायची तर मॅगझिनची स्प्रिंग अतिशय कडक हवी. ती इतकी कडक होती की ८ काडतुसे अंगठ्याने भरणे जिकिरीचे होई, म्हणून पिस्तुलाबरोबर भरण्यासाठी एक हत्यार दिले जाई. स्प्रिंग जरा थकली की यंत्रणा मिटून जाई आणि काडतूस मागेच राही. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. सैन्याच्या लुगरबरोबर दोन मॅगझिने मिळत आणि दोहोंच्या बुडाशी त्या पिस्तुलाचा क्रमांक कोरलेला असे. दुसऱ्यावर ओळखीसाठी अधिक चिन्ह. हे मॅगझिन या पिस्तुलाचे, दुसऱ्याचे नव्हे, असा त्याचा अर्थ.

भरलेल्या मॅगझिनमध्ये स्प्रिंग सर्वांत जास्त दबलेली असते, म्हणून पहिल्या काडतुसावर तिचा जोर सर्वांत अधिक. ते काडतूस ओठांवर इतके दाबले जाते की स्लाइडला ते पुढे ओढणे जड जाते. उलट शेवटच्या काडतुसावर जोर सर्वांत कमी. त्यामुळे अडचण कितव्या काडतुसाला आली हे नोंदले तर अर्धे निदान झालेच. नेहमी पहिल्यालाच अडत असेल तर डबा कोंबून भरला आहे किंवा घर्षण जास्त आहे. नेहमी शेवटच्या एक-दोनांना अडत असेल तर स्प्रिंग थकली आहे. स्लाइड काडतुसावरून तशीच पुढे गेली आणि चेंबर रिकामेच राहिले, तर एक तर स्प्रिंग मंद आहे किंवा मॅगझिनला जागेवर धरणाऱ्या खटक्याची खाच झिजून मॅगझिन खाली बसते आहे.

'मॅगझिन भरून ठेवले तर स्प्रिंग मरते' असे आमच्या रेंजवर सारेच म्हणत. मेजर म्हणाले, हे पूर्ण खरे नाही. चांगल्या पोलादाची स्प्रिंग आपल्या मर्यादेत दाबून ठेवली तर नव्याने एकदा थोडी बसते आणि मग बराच काळ तशीच राहते. ती थकते ती हजारो वेळा दाबली-सोडली गेल्याने, किंवा मर्यादेबाहेर दाबली गेल्याने. त्याच नळीत एखादे काडतूस जास्त मावावे म्हणून रचना केली, तर स्प्रिंगला बसायला जागा कमी उरते आणि ती लवकर थकते. एका घासाचा हा लोभ पुढे सगळ्या पंगतीला भोवतो.

डब्याचा आकार

काडतुसे एकावर एक अशी एकेरी रचली तर डबा अरुंद होतो, पण थोडीच मावतात. १९३५ चे ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल दुहेरी रांगेचे आहे. ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर बेल्जियमच्या द्यूदोने सेव्ह याने ते पूर्ण केले. त्यात १३ काडतुसे मावतात. आपल्या देशात ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झालेले ९ मिलिमीटर पिस्तूल याच घराण्यातले. दुहेरी रांग वर येताना निमुळत्या गळ्यातून एकेरी होते. शाळा सुटल्यावर एकाच दारातून बाहेर पडणाऱ्या मुलांसारखी तिथे दाटी होते, म्हणून गळ्याचा उतार नेमका आणि आतला पृष्ठभाग गुळगुळीत असावा लागतो. हाय-पॉवरमध्ये हे चांगले साधले आहे.

जिथे ते साधले नाही तिथे काय होते हे पिस्तुलाचेच ९ मिलिमीटर काडतूस वापरणाऱ्या स्टेनगनने दाखवले. दुसऱ्या महायुद्धातली ही स्वस्त बंदूक. तिचे मॅगझिन ३२ काडतुसांचे, दुहेरीचे एकेरी होणारे. त्या गळ्यात ती वारंवार अडके, म्हणून जाणते सैनिक दोन-चार काडतुसे कमीच भरत. तिच्या जागी आलेल्या स्टर्लिंग कार्बाइनमध्ये जॉर्ज पॅचेट याने दुहेरी रांग शेवटपर्यंत दुहेरीच ठेवली, काडतुसे डावी-उजवीकडून आळीपाळीने दिली, प्लॅटफॉर्मला छोटे रूळ बसवले आणि ३४ काडतुसांच्या डब्याला किंचित बाक दिला. बाक कशासाठी? ९ मिलिमीटरचे काडतूस पुढच्या टोकाला मागच्यापेक्षा किंचित बारीक असते. अशी अनेक काडतुसे रचली की रास आपोआप वाकते. डबा राशीप्रमाणे वाकवला, तर रास डब्याशी भांडत नाही. कानपूरच्या कारखान्यात तयार झालेली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण अनेकदा पाहिलेली कार्बाइन ती हीच.

अक्काच्या .२२ काडतुसाची तऱ्हा निराळी. त्याच्या बुडाला कड असते. अंग सुमारे ५.७ मिलिमीटर, तर कड सुमारे ७.१ मिलिमीटर. काडतुसे रचताना वरच्याची कड खालच्याच्या कडेच्या पुढे हवी. ती मागे राहिली, तर वरचे पुढे जाताना खालच्याला अडकते. जुनी .३०३ रायफल ज्यांनी हाताळली त्यांना हा धडा ठाऊक असेल. शिवाय .२२ ची गोळी उघड्या मऊ शिशाची, तिला मेणाचा हात दिलेला; ते मेण आणि काजळी मिळून डब्यात चिकट थर बसतो.

धूळ आणि मुलामा

डबा आतून कसा आहे यालाही महत्त्व आहे. अमेरिकी सैन्याने १९८५ साली बेरेटाचे १५ काडतुसांचे 'एम ९' पिस्तूल स्वीकारले. २००३ पासून इराकमध्ये ते अडकते अशा तक्रारी येऊ लागल्या आणि नाव पिस्तुलाचे खराब झाले. दोष बऱ्याच अंशी मॅगझिनांत होता. सैन्याच्याच अटीप्रमाणे दुसऱ्या पुरवठादाराने केलेल्या त्या मॅगझिनांना गंज लागू नये म्हणून फॉस्फेटचा जाड, खरबरीत थर दिलेला होता. तिथल्या पिठासारख्या बारीक वाळूला तो धरून ठेवी आणि प्लॅटफॉर्म अर्ध्यावरच रुतून बसे. पुढे गुळगुळीत मुलाम्याची मॅगझिने आली. गंजापासून वाचवणारा थरच वाळूच्या प्रदेशात वैरी ठरला होता.

म्हणूनच मॅगझिन आतून कोरडे पुसायचे, तेल चोपडायचे नाही, असा मेजरांचा दंडक आहे. तेलाला धूळ चिकटते आणि ते काडतुसातही झिरपू शकते.

अन्वय आणि व्यतिरेक

आता अक्काच्या प्रकरणाकडे येतो. मेजर सारे ऐकून म्हणाले, "हात ढिला पडला तर अडकतंय, न्हाई असं न्हाई. स्लाइडला मागं टेकायला हाताचा आधार लागतोय. पर अंदाजानं कुनाला फाशी देऊ नये. आधी बघू."

आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला तेव्हा नेमके जॉन स्टुअर्ट मिलचे चालू होते. १८४३ च्या आपल्या ग्रंथात त्याने कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांत 'व्यतिरेक पद्धती' अशी : दोन प्रसंगांत बाकी सारे सारखे असून एकच गोष्ट वेगळी असेल, आणि परिणाम एकात घडून दुसऱ्यात घडत नसेल, तर ती वेगळी गोष्ट हे कारण किंवा कारणाचा भाग. परीक्षेपुरते पाठ केलेले हे सूत्र मेजरांनी कधी न वाचता वापरले. क्लबच्या त्या पिस्तुलाची दोन मॅगझिने होती. त्यांनी त्यांवर १ आणि २ असे आकडे रंगवले आणि अक्काला प्रत्येकातून पाच-पाचच्या दहा मालिका झाडायला सांगितल्या. तोच हात, तेच पिस्तूल, एकाच खोक्यातली काडतुसे. क्रमांक १ : ५० पैकी एकदाही अडथळा नाही. क्रमांक २ : सहा वेळा अडथळा, आणि प्रत्येक वेळी नाक वर.

मग मेजरांनी स्वतः झाडून पाहिले. फौजेत आयुष्य गेलेले ते मनगट. तरी क्रमांक २ अडकलेच. नंतर तेच मॅगझिन त्याच जातीच्या दुसऱ्या पिस्तुलात घातले, तिथेही अडकले. हात बदलला, पिस्तूल बदलले, मॅगझिन मात्र तेच राहिले आणि अडथळाही राहिला. ही 'अन्वय पद्धती'. दोन्ही बाजूंनी आरोपी एकच ठरला. ज्युनिअर कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर मागून आणला. क्रमांक २ चे ओठ क्रमांक १ पेक्षा ०.३ मिलिमीटरने जास्त फाकलेले भरले. उजव्या ओठाच्या कोपऱ्यावर घासल्याची एक चकाकती खूण होती.

चूक कोणाची

ती खूण कशाची हे तिथे फक्त मला माहीत होते.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पेटी लावताना ते मॅगझिन माझ्याच हातून शहाबादी फरशीवर पडले होते, तोंडावर. टणकन आवाज झाला. मी इकडेतिकडे पाहिले, ते रुमालाने पुसले आणि पेटीत ठेवून दिले. पत्र्याचा डबा, त्याला काय होणार असे तेव्हा वाटले. स्पर्धेत पिस्तूल अडकले तेव्हा मनात चर्र झाले. पण बोललो नाही. एस.टी.त मनगटाची चर्चा चालली तेव्हा तर बोलायलाच हवे होते. तेव्हाही बोललो नाही, कारण सारे एका गोष्टीवर समाधानी झाले होते आणि त्या गोष्टीत माझे नाव नव्हते.

त्या रविवारी मात्र व्हर्निअर टेबलावर ठेवून मी सांगून टाकले. मेजर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "मॅगझिन पडतंच. सांगायचं असतंय."

अक्का रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, "वीस दिवस झाले, मी रोज रात्री मनगटाचे व्यायाम करते आहे. मलाही वाटू लागले होते की दोष माझाच." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पिस्तूल अडकले त्यात तिचे काही गुण गेले. ते अपघाताने गेले. पण माझ्या न बोलण्याने तिचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जात होता, आणि तो अपघात नव्हता.

वाकलेले ओठ पक्कडीने सरळ करता येतील का, असे मी विचारले. मेजरांनी मान हलवली. एकदा वाकून परत वाकवलेला पत्रा भरवशाचा राहत नाही, शिवाय ०.३ मिलिमीटरचा हिशेब पक्कडीने होत नाही. क्रमांक २ वर त्यांनी तांबड्या रंगाची फुली मारली. आता ते फक्त डमी काडतुसे घालून नव्या मुलांना शिकवायला वापरतात. रेंजवर एक वहीही ठेवली आहे : कोणते मॅगझिन, कितव्या काडतुसाला अडले, नाक वर की खाली, आणि शेवटचा रकाना 'पडले का?' पहिल्या पानावरची पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे.

हा लेख लिहावा ही सूचना अक्काचीच. मी तिची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "मनगटाची गोष्ट अख्ख्या एस.टी.त सांगितली गेली आणि तिथून अख्ख्या कॉलेजात पोहोचली. तुझी माफी चौघांत मागून कशी पुरेल? मॅगझिनला लिही." लिहून झाल्यावर मसुदा तिला दाखवला. तिने स्टर्लिंगच्या बाकाचा परिच्छेद दोनदा वाचला, एके ठिकाणी आकडा दुरुस्त केला आणि म्हणाली, "दे आता."

म्हणून दिला.